जादा शब्दाचे जादा पैसे

नानांची सगळ्यात गाजलेली गोष्ट पाच शब्दांची आहे आणि ती समजावून द्यायला त्यांना पाऊण तास लागतो.

गोष्ट अशी : ‘पोस्टमनने दार वाजवलं. घर नव्हतं.’

झाली. ऐकणारा नवखा असेल तर ‘वा!’ म्हणतो आणि चपला शोधायला लागतो. तेवढ्यात नाना त्याचा दंड धरतात. “काय समजलं, सांग बघू.” तो बिचारा काहीतरी सांगतो, आईवडील गेल्यावर घर परकं होतं वगैरे. नाना डोळे मिटून मान हलवतात, म्हणजे नाही. मग २०१९च्या ऑगस्टमधला सांगलीचा महापूर येतो, कृष्णेचं पाणी कुठल्या गल्लीत कधी शिरलं याचा तपशील येतो, नदीकाठचं एक मातीचं घर विरघळतं, सागवानी चौकट तेवढी उभी राहते, जुना पोस्टमन बदलून जातो, नवा येतो आणि नवा असल्यामुळे पत्ता वाचत वाचत थेट चौकटीसमोर जाऊन सवयीने कडी वाजवतो. त्याच्या हातात कसलं पत्र असतं? नुकसानभरपाई मंजूर झाल्याचं! हे शेवटचं नाना आवाज एकदम खाली नेऊन म्हणतात आणि समोरच्याच्या अंगावर काटा आला की नाही हे त्याच्या मनगटाकडे बघून तपासतात.

“पण नाना, हे पत्र गोष्टीत कुठे आहे?” मी एकदा विचारलं.

“ते वाचकाने ओळखायचं.”

“मग तुम्ही कशाला सांगता?”

“आणि न ओळखलं तर?”

या प्रश्नात सबंध नाना आले. इथेच थांबलो तरी चाललं असतं, पण मी अलककार नाही.

अलक म्हणजे अति लघु कथा. हा प्रकार लिहिणारी माणसं आता गावोगाव आहेत. निवृत्त मुख्याध्यापिका, बँकेतले माजी शाखाधिकारी, दवाखाना मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले डॉक्टर. अलककार ओळखायची खूण सोपी असते. तो ‘वेळ आहे का?’ असं कधी विचारत नाही. तो ‘एकच मिनिट’ म्हणतो. फोन खिशातून अर्धा बाहेर आलेलाच असतो, चष्मा कपाळावरून नाकावर उतरतो आणि आपण काही बोलायच्या आत एक म्हातारी वृद्धाश्रमात पोहोचलेली असते.

वृद्धाश्रमाशिवाय अलक कसा पुरा होणार! पहिल्या ओळीत आई, दुसऱ्या ओळीत अमेरिकेतला मुलगा, तिसरीत व्हिडिओ कॉल, आणि चौथीत कळतं की आई गेल्याला महिना झाला. किंवा रस्त्यावरच्या पोराला वडापाव देणारे साहेब, आणि शेवटी कळतं की साहेब स्वतः तसलंच पोर होते. या साच्याने महाराष्ट्रात जितके वृद्धाश्रम उभे केले तितके सरकार आणि दानशूर मंडळी मिळूनही उभे करू शकली नसती. नानांनीही सुरुवातीला तीनचार बांधले. ते वाचून गल्लीतल्या बायका रडल्या, आणि माणूस एकदा का दुसऱ्याला रडवायला शिकला की त्याला आवरणं कठीण असतं.

माझं या कलाटणीशी भांडण आहे. कलाटणी एकदाच चालते. दुसऱ्यांदा वाचताना ती मेलेली असते, तिच्याभोवतीचे शब्द नुसते मयताला आल्यासारखे उभे असतात. दोन ओळींची गोष्ट पुन्हा वाचावीशी वाटली तरच ती गोष्ट, नाहीतर तो चुटका, फक्त रडका. हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि ‘फक्त’ हा शब्द खोडला.

खोडणं त्यांच्या हातातच आहे. नाना तारखात्यात होते. मोर्स शिकून कट्टकडकट्ट करत लागले, पुढे टेलिप्रिंटर आला, पण उमेदीची वर्षं गेली ती खिडकीमागे बसून पेन्सिलीच्या टोकाने लोकांचे शब्द मोजण्यात. ठरावीक शब्दांपर्यंत एक दर, त्यापुढे प्रत्येक जादा शब्दाला जादा पैसे. माणसं फॉर्म भरताना ‘तीर्थरूप’पासून सुरुवात करायची आणि दर ऐकला की तीर्थरूप, साष्टांग, कृपाळू सगळे एकामागून एक गळायचे. नाना म्हणतात, “माणसाचं खरं म्हणणं किती असतं हे मी तिथे बघितलं. आठ शब्द. फार तर दहा. बाकीचं सगळं परवडतं म्हणून बोलतात.” हे त्यांनी मला सांगितलं त्या दिवशी आम्ही भाजी आणायला निघालो होतो आणि परतलो तेव्हा मंडई उठली होती.

गिऱ्हाईकं काही कमी नव्हती. पैसे वाचवायला दोन शब्द एकमेकांना चिकटवून द्यायची. नाना पेन्सिल टेकवून म्हणायचे, “हे दोन होतात.” पलीकडून उत्तर यायचं, “एकच आहे की ओ मास्तर. मधे जागा कुठाय?” नानांनी अशी हजारो लग्नं मोडली असतील. आणि आता? मी ज्या दिवाळी अंकाचं काम बघतो त्याच्या अलक स्पर्धेला पंचवीस शब्दांची मर्यादा होती. नानांच्या गोष्टीत एक शब्द होता ‘पुत्रविरहव्याकुळवृद्धमातापितरांना’. तो छापील ओळीत मावेना. मी म्हटलं, नाना, हे निदान पाच शब्द आहेत.

“एकच आहे. मधे जागा दाखव.”

तारेबद्दल मला नानांपेक्षा जास्त आदर आहे. आमच्या पिढीला ‘मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली’ हे चार शब्द पाठ आहेत. ‘सिरियस’ म्हणजे आई गेली, हे पाठवणाऱ्याला माहीत असायचं, घेणाऱ्याला कळायचं, आणि तार आणणाऱ्या शिपायाला तर दोघांच्या आधी. तो सायकल फाटकाला टेकवून उगाच घंटी पुसत उभा राहायचा. तरीही एसटीत बसलेला मुलगा रात्रभर ‘सिरियस’ला धरून बसायचा, कारण कागदावर तेवढंच होतं. खोटंही नाही आणि खरंही नाही, अशा एका शब्दावर अख्खा प्रवास. यात कलाटणी नाही, कारण शेवट पहिल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्याशा जागेत इतकं करणारा मजकूर मी फारसा वाचलेला नाही.

शुभेच्छांच्या तारांना तर शब्दही लागत नसत. छापील वाक्यांची यादी असायची, आपण नुसता आकडा लिहायचा. दिवाळीचा वेगळा, लग्नाचा वेगळा, परीक्षेतल्या यशाचा वेगळा. माझ्या मामाच्या लग्नात त्याच्या एका मुंबईच्या मित्राने घाईत भलताच आकडा लिहिला आणि भर मांडवात परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल अभिनंदनाची तार मोठ्याने वाचली गेली. मामा अजून म्हणतो, आलेल्यांपैकी तेवढी एकच तार खरी होती. मामी म्हणते, निकाल लागायचाय अजून.

तारसेवेचा शेवटचा दिवस १४ जुलै २०१३, रविवार. नाना तेव्हा केव्हाच निवृत्त झालेले, पण मुद्दाम पुण्याला गेले. रांगेत जन्मात कधी तार न केलेली पोरं फोटो काढत उभी होती. त्यांच्यामागे उभं राहून नानांनी काकूंना तार केली : ‘सुखरूप पोहोचलो.’ मग भाचीकडे जेवून, रात्रीची गाडी पकडून ते सांगलीला परत आले. तार त्यांच्यानंतर आली. नाना पडवीत पेपर वाचत होते. त्यांनी स्वतः सही करून ती घेतली, उघडली, वाचली, शब्द मोजले आणि आत जाऊन काकूंना म्हणाले, “मी पोहोचलो.”

काकू म्हणाल्या, “मग?”

काकूंच्या या ‘मग?’ला नाना जन्मभर घाबरत आले आहेत. प्रत्येक नवी गोष्ट आधी ओट्यापाशी वाचली जाते. काकू पोळी उलटतात आणि विचारतात, “मग?” नानांच्या मते हा अलकाचा पराभव. गोष्ट पूर्ण झाली असेल तर ‘मग?’ यायलाच नको. मला उलट वाटतं. ‘मग?’ यायला हवं, फक्त त्याचं उत्तर द्यायचा मोह लिहिणाऱ्याने टाळायला हवा. पाच शब्दांत माणूस गोष्ट सांगत नाही, ऐकणाऱ्याला गोष्टीच्या दारात नेऊन सोडतो. नाना सोडत नाहीत. ते त्याच्याबरोबर आत जातात, दिवे लावतात आणि प्रत्येक खोली दाखवतात.

काकू स्वतः काही लिहीत नाहीत. पण एकदा नाना पाच शब्दांचा तोरा फारच मिरवायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “बाजारात तुरी, भट भटणीला मारी. मोजा.” नानांनी बोटांवर मोजले. पाच. डाळ अजून दुकानात आहे आणि इकडे ती घट्ट करायची की पातळ यावरून हाणामारी झाली. नवरा, बायको, गरिबी, डोकं, सगळं आलं. “आणि आजा मेला, नातू झाला,” काकू पुढे म्हणाल्या. “हे चारच. मरण पण आहे, बारसं पण आहे. आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही.” हा शेवटचा टोला वर्मी बसला, कारण नानांच्या पाच शब्दांखाली त्यांचं पूर्ण नाव, ‘निवृत्त’ हा हुद्दा, पेठ, गाव आणि फोन नंबर असा भरगच्च मजकूर असतो.

त्याचाही उपयोग होत नाही म्हणा. पोस्टमनची गोष्ट फोनाफोनी फिरत गेली, वाटेत नाव गळलं, आणि चार महिन्यांनी नागपूरच्या मेहुणीकडून ती नानांनाच आली. खाली ‘व. पु. काळे’. नाना ताडकन उठले. व. पु. गेले २००१ साली, सांगलीतला हा पूर २०१९चा! त्यांनी मेहुणीला फोन करून तारखा सांगितल्या. ती म्हणाली, “म्हणूनच व. पु. मोठे हो भावोजी, आधीच ओळखलं त्यांनी.” नाना दिवसभर धुमसत होते. संध्याकाळी मात्र आमच्याकडे येऊन हळूच म्हणाले, “व. पुं.च्या नावावर खपली रे.”

मी नानांना वाचनालयातून पुस्तकं आणून देतो, हा माझा गुन्हा. आधी त्यांचं सगळं विश्व खांडेकरांच्या रूपककथांशी संपायचं. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, १८९८चा, तेव्हा छोट्या गोष्टीचा उगम कृष्णाकाठीच झाला असं नाना धरून चालले होते. मग मी त्यांना आउगुस्तो मोन्तेर्रोसो सांगितला. ग्वाटेमालाचा लेखक, आयुष्य मेक्सिकोत काढलं, १९५९ साली पहिलं पुस्तक आलं आणि त्याला नाव काय दिलं, तर ‘संपूर्ण वाङ्मय (आणि इतर कथा)’. त्यात एक गोष्ट आहे, मूळ स्पॅनिशमध्ये सात शब्दांची. कोणीतरी जागं होतं आणि एक डायनासोर असतो. याहून जास्त सांगितलं तर सगळी गोष्टच सांगून होईल. या सात शब्दांवर लेख आणि टिपा मिळून एक स्वतंत्र पुस्तक निघालं हे कळल्यावर नानांचे डोळे चमकले. मला वाटलं सात शब्दांनी चमकले. ते त्या पुस्तकाने चमकले होते, हे पुढे कळायचं होतं.

बाळाच्या न वापरलेल्या बुटांची सहा शब्दांची जाहिरात त्यांना आधीच ठाऊक होती आणि ती हेमिंग्वेचीच, यावर ते ठाम होते. त्याला काही पुरावा नाही, तशा जाहिराती त्याच्या आधीपासून वर्तमानपत्रांत येत होत्या, असं मी म्हटलं. “म्हणजे त्याचाही व. पु. झाला,” नाना म्हणाले आणि त्यांना हेमिंग्वेबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

फेलिक्स फेनेओं त्यांना त्याच्या नोकरीमुळे आवडला. हा गृहस्थ फ्रान्सच्या युद्धखात्यात कारकून होता, १८९४ साली अराजकवादी म्हणून त्याच्यावर खटला झाला, निर्दोष सुटला, आणि १९०६ मध्ये पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकात तो तीन तीन ओळींच्या बातम्या लिहू लागला. खून, अपघात, संप, आत्महत्या, जे येईल ते तीन ओळींत, खाली नाव नाही. त्याच्या मैत्रिणीने त्या कापून वहीत चिकटवून ठेवल्या म्हणून टिकल्या. हे ऐकून नानांनी स्वयंपाकघराकडे सूचक नजर टाकली. काकूंनी नानांची कात्रणं फडताळात डब्यांखाली घातलेली आहेत. “टिकलीच आहेत की,” असं त्यांचं म्हणणं.

मंटोने मात्र त्यांना त्रास दिला. ‘सियाह हाशिये’ १९४८चं, फाळणीच्या कत्तलींवरचं. कित्येक गोष्टी दोनतीन ओळींच्या. नानांनी ते एका बैठकीत वाचलं आणि तीन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. आले ते म्हणाले, “हा रडवत नाही रे. रागावतही नाही. कोण चांगलं, कोण वाईट, काही सांगतच नाही.” थोडं थांबून म्हणाले, “तार केल्यासारखं लिहितो.” नानांनी कुठल्याही लेखकाला दिलेली ही सर्वांत मोठी पदवी. त्यानंतर त्यांनी एकही वृद्धाश्रम बांधला नाही, हे मी मंटोच्या उपकारांत मोजतो.

पण सगळ्यात जास्त नुकसान केलं कावाबाताने. यासुनारी कावाबाता, १९६८चा नोबेल मानकरी. शंभराहून जास्त तळहाताएवढ्या गोष्टी लिहिल्या, आणि अखेरीस १९७२ साली आपलीच गाजलेली कादंबरी ‘हिमप्रदेश’ कापून कापून काही पानांत बसवली. नानांनी हे ऐकलं आणि त्याच रात्री कपाटातली मराठी कादंबरी कापायला घेतली. सुरुवात ‘मृत्युंजय’पासून. शिवाजी सावंतांनी १९६७ साली लिहिलेला तो ग्रंथ उशाला घेतला तर मान अवघडते. नानांनी त्याचं केलं : ‘आईने सांगायला उशीर केला.’ ज्ञानपीठ मिळवणाऱ्या ‘ययाती’चं : ‘बापाला म्हातारपण नको होतं. मुलाने घेतलं.’ माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या लेखकाची, तिला हात लावताना त्यांनी आंघोळ केली असावी : ‘मास्तर आले. पाऊस आला नाही.’

खरं सांगू? हे शेवटचं मला आवडलं. ते मी त्यांना बोलून दाखवलं नाही, कारण मग पाऊस का आला नाही हे त्यांनी सांगितलं असतं. ‘कोसला’ मात्र त्यांनी परत कपाटात ठेवली. म्हणाले, याच्यातला फालतू शब्द कुठला हे ठरवायला बसलं की आपणच फालतू वाटायला लागतो.

कापण्याची ही चटक शेवटी जायची तिथेच गेली. गेल्या दिवाळी अंकासाठी नानांनी ‘रिकामी खुर्ची’ नावाची गोष्ट लिहायला घेतली. पहिला खर्डा साठेक शब्दांचा होता. एक आजोबा, व्हरांडा, खुर्ची, नातवंडं. पहिल्या खेपेला नातवंडं गेली. मग व्हरांडा गेला. ‘आजोबा’ हा शब्द खुर्चीच सांगते म्हणून आजोबा गेले. रोज संध्याकाळी नाना नवी प्रत घेऊन यायचे आणि कालच्यापेक्षा कमी असल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर असायचा. एके दिवशी कागदावर फक्त शीर्षक होतं. खाली काही नाही. “खुर्ची रिकामी आहे ना?” नाना म्हणाले. “मग वर कोणाला बसवायचं?”

मी ती तशीच घेतली. मानधनाचा विषय निघाला. “शब्दावर देता की पानावर?” “गोष्टीवर, नाना.” “मग हिचे पूर्ण दे. काटछाट हिच्यात सगळ्यात जास्त झालीय.”

दिवाळी अंकात अलकांचं स्थान काय असतं, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. मोठी कथा पानाच्या मध्यावर संपली की उरलेल्या जागेत चौकट टाकून अलक बसवतात. लेखकाला वाटतं आपली गोष्ट निवडली गेली. खरं तर जागा उरलेली असते. आमच्या पान लावणाऱ्या मुलाला ‘रिकामी खुर्ची’ हे शीर्षक आणि त्याखाली कोरी चौकट दिसली. त्याला वाटलं मजकूर यायचा राहिला. छपाईची वेळ झालेली, फोन लागेना, म्हणून त्याने हातातली एक जाहिरात तिथे टाकली. सांगलीचा अंक म्हणजे जाहिरात हळदीचीच. शुद्ध, घरगुती, भेसळ सिद्ध केल्यास पैसे परत.

अंक हातात पडल्यावर नानांनी जे भाषण केलं ते इथे देत नाही. पण चार दिवसांनी मिरजेहून एका वाचकाचा त्यांना फोन आला. “ ‘रिकामी खुर्ची’ वाचली. काय लिहिलंत हो! भेसळ सिद्ध केल्यास पैसे परत… आजोबा गेल्यावर घरात शुद्ध काही राहिलं नाही, असंच ना?” नाना क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, “बरोबर. आता त्यातली हळद बघा. हळद कधी लावतात? लग्नात. आणि जखमेवर…” पुढचं मला ऐकू आलं नाही, मी घरी निघून आलो होतो.

एवढी वर्षं तुम्ही खिडकीमागे बसून गावाची मरणं, जन्म, पळून गेलेल्या मुली, लागलेल्या आणि सुटलेल्या नोकऱ्या मोजल्यात. त्यावर का लिहीत नाही, असं मी नानांना बरेचदा विचारलंय. एकतरी तार सांगा. या एका विषयावर नाना बोलत नाहीत. बोलता बोलता घुटमळतही नाहीत, सरळ बंद होतात. “सांगता येत नाही. कायदा आहे.” कायदा म्हणजे १८८५चा तार कायदा. तारेतला मजकूर फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यात शिक्षा होती. मी म्हटलं, नाना, ते खातं गेलं, तार गेली, २०२३ साली कायदासुद्धा नवा आला.

“माझी नोकरी जुन्या कायद्याखालची.”

“राणीच्या काळचा कायदा,” काकू आतून म्हणाल्या, “पण तेवढ्याने यांचं तोंड बंद ठेवलं. मला जमलं नाही.”

सध्या नानांचा संग्रह छापायला निघालाय. नाव ‘थोडक्यात’. पेठेतल्या प्रेसवाल्याकडे आम्ही दोघं गेलो होतो. नानांचा आग्रह, एका पानावर एकच गोष्ट, भोवती भरपूर कोरी जागा. प्रेसवाल्याने हिशेब केला तेव्हा नाना हादरले. “कोऱ्या पानाचे पण पैसे?” “कागद तर लागतोयच की नाना.” मग त्यांनी एका पानावर सहा गोष्टी बसवून बघितल्या; ते पान ‘पाहिजेत’ आणि ‘हरवले आहेत’च्या जाहिरातींसारखं दिसायला लागलं. तडजोड म्हणून चार ठरल्या. सगळ्या गोष्टी मिळून बावीस पानं होतात. प्रस्तावना हाताने लिहिलेली एक्क्याण्णव पानांची आहे. तिचा मथळा : ‘वाचकांस दोन शब्द.’ प्रत्येक गोष्टीचा उगम, आशय, वाचकाने काय ओळखायला हवं आणि न ओळखल्यास त्याचं काय चुकलं, हे तीत सविस्तर आहे. पोस्टमनला चौदा पानं आहेत. मोन्तेर्रोसोच्या त्या टिपांच्या पुस्तकाने डोळे का चमकले होते ते मला आत्ता कळलं. नानांना दुसऱ्यांनी टिपा लिहीपर्यंत थांबायचं नव्हतं.

परवा अर्पणपत्रिका दाखवायला त्यांनी मला बोलावलं. नऊ ओळी होत्या. ‘जिने माझ्या खडतर साहित्यिक वाटचालीत सावलीप्रमाणे साथ दिली, जिच्या निःशब्द प्रोत्साहनाविना’ असं करत करत ते ‘माझी सहधर्मचारिणी हिला’ इथवर पोहोचत होतं. काकू चहा घेऊन आल्या, त्यांनी कागद उचलला, उभ्याउभ्या वाचला, नानांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि खोडायला सुरुवात केली. वाटचाल गेली, सावली गेली, प्रोत्साहन गेलं. सहधर्मचारिणीवर पेन्सिल थोडी रेंगाळली आणि तीही गेली. उरलं ‘हिला’.

“अगं, हिला म्हणजे कोणाला?” नाना म्हणाले. “वाचकाला कसं कळायचं?”

“वाचकाचा काय संबंध?” काकू म्हणाल्या. त्यांनी पेन्सिलीचं टोक बघितलं, ते अजून चालण्यासारखं होतं, आणि टेबलावरचं प्रस्तावनेचं बाड पुढ्यात ओढलं. नानांनी ते दुसऱ्या बाजूने दोन्ही हातांनी धरून ठेवलं.